दिवाळीत उघडलेला मस्कारा आणि संक्रांतीचं वाण

वाचकांचे प्रश्न : प्रसाधनं

मागच्या वेळी उन्हाळ्यातल्या त्वचेबद्दल लिहिताना शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: "कपाटातलं जुनं क्रीम आधी फेकून द्या." त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी अख्ख्या लेखावर आली नाहीत. बहुतेकींचा सूर एकच, फेकायचं कसं, पैसे पडलेत की! म्हणून या वेळी फक्त तीच पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्र शिकले, बावीस वर्षं प्रसाधनांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली आणि आता शहापुरात घरी असते. माल चांगला की बिघडलेला हे ठरवण्याचाच मला पगार मिळायचा.

"अक्का, थोरल्या मुलीच्या लग्नात मेकअपचं सामान आम्ही घरचंच घेतलं, कारण मेकअप करणारी मुलगी नात्यातली होती. फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, चार लिपस्टिक, मस्कारा, आयलायनर. चार दिवस वापरलं आणि वैशाखापासून पेटीत पडलंय. धाकटीचं पुढच्या वैशाखात करायचं चाललंय. खोक्यांवरची तारीख अजून दीड वर्षानं आहे. तेच सामान वापरलं तर चालतंय काय?"
— एक आई, टिळकवाडी, बेळगाव

ताई, खोक्यावरची तारीख झाकण न उघडलेल्या डबीची असते. तुमच्या डब्या वैशाखात उघडल्या, त्यांचं पंचांग त्या दिवसापासून वेगळं सुरू झालं.

ही तारीख निघते कशी, ते सांगते. नवं क्रीम तयार झालं की आम्ही त्याच्या बाटल्या ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात महिनोन्‌महिने ठेवायचो. ठरलेल्या दिवशी काढायच्या आणि बघायचं, पाणी सुटलं का, वास फिरला का, रंग उतरला का. त्या गरम कपाटात काही महिन्यांत जे दिसतं, त्यावरून घरच्या हवेत दोन-तीन वर्षांत काय होईल याचा अंदाज बांधतात. शेजारच्या फळीवर साध्या हवेतले नमुनेही ठेवलेले असतात, अंदाज बरोबर आला का ते पडताळायला.

दुसरी परीक्षा मला जास्त आवडायची. त्या क्रीममध्ये आम्ही मुद्दाम जंतू सोडायचो. पाच जातींचे, त्यात डोळ्याला घात करणारा सुडोमोनास असतो आणि भिंतीवर येते तसली काळी बुरशीही. मग ७, १४ आणि २८ दिवसांनी मोजायचं, किती जिवंत उरले. क्रीममधलं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंपासून माल वाचवणारं रसायन, नीट काम करत असेल तर आकडा घसरत जातो. पण या परीक्षेत जंतू एकदाच सोडतात. घरी रोज बोट बुडतं, रोज नवे जंतू आत जातात. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे घरातलं तांदळाचं पोतं समजा. रोज पंगत उठायला लागली तर ते तळाला जाणारच, मग पोत्यावर काहीही छापलेलं असू दे.

आता तुमच्या पेटीतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं? आपल्या स्वयंपाकघराचाच नियम इथं लागू आहे. ज्वारी वर्षभर टिकते, तिची आंबील दुसऱ्या दिवशी फसफसते. ज्यात पाणी आहे ते आधी बिघडतं, जे कोरडं किंवा निव्वळ तेला-मेणाचं आहे ते टिकतं.

मस्कारा आणि पातळ आयलायनर आजच काढून टाका. मस्काऱ्याची कांडी पापणीला लागते, परत नळीत जाते, बरोबर हवा आणि डोळ्यातलं पाणी घेऊन जाते. आत अंधार, ओल आणि ऊब. जंतूंना याहून काय पाहिजे? उघडल्यापासून तीन महिने, त्यापुढं नाही. माझ्या भाचीला मी महिने सांगत नाही. दिवाळीत उघडलास तर संक्रांतीला टाक, एवढंच सांगते. तिच्या ध्यानात राहतं.

इथं मी स्वतःचीच फजिती सांगते, म्हणजे मी फक्त उपदेश करते असं वाटणार नाही. नात्यातल्या एका लग्नात मंगल कार्यालयाच्या खोलीत आरसा एक आणि बायका अकरा. कुणाचं तरी काजळ आरशापुढं पडलेलं, एकीनं लावलं, दुसरीनं लावलं, मीही लावलं. दिवसभर कारखान्यात जंतू मोजणारी बाई मी, पण मुहूर्त गाठायच्या घाईत सगळी अक्कल खुंटीला. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला आम्ही तिघी लाल डोळ्यांनी बसलो. माझ्या उजव्या पापणीवर तर चांगली रांजणवाडी. फोटोत मी काळा चष्मा लावून तीर्थ घेताना दिसते. तो फोटो नवऱ्यानं अजून जपून ठेवलाय.

पातळ फाउंडेशन पंपाच्या बाटलीत असेल तर वर्षभर चालतं, रुंद तोंडाच्या बाटलीतून बोटानं काढलं असेल तर सहा महिने धरा. तुमचं लग्न वर्षाच्या कडेवर येतंय. तेल वर आणि पाणी खाली असं झालं असेल आणि हलवूनही मिसळत नसेल, तर वासही घेत बसू नका. नाहीतरी धाकटीचा रंग थोरलीसारखाच आहे का? नसेल तर प्रश्नच मिटला.

कॉम्पॅक्ट ठेवा, पण आतला स्पंज फेका. कॉम्पॅक्ट बहुतेक वेळा स्पंजामुळं बिघडतो. घाम आणि तेल त्यातून पावडरीवर उतरतं आणि वर चकचकीत कडक पापुद्रा बसतो. तो बसला असेल तर सुरीच्या पाठीनं हलकेच खरवडा, खालचं चांगलं असतं. लिपस्टिकमध्ये पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळं दीड-दोन वर्षं निघतात. जुन्या शेंगदाणा तेलासारखा खवट वास आला तर मात्र संपली. वरचा थर टिश्यूनं पुसून काढा आणि लावताना ब्रशनं लावा, कांडी सरळ ओठांवर फिरवू नका.

म्हणजे धाकटीसाठी मस्कारा, आयलायनर आणि फाउंडेशन एवढंच नवं घ्यायचं. तेही सगळ्यात लहान बाटलीतलं आणि लग्नाच्या महिन्यात. साखरपुड्याला घेऊन ठेवू नका.

"मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. आमच्याकडं दुकानात डब्यांवर एक तर इंग्रजी नाहीतर कानडी. तारीख कुठली ते कसं वळखायचं? संक्रांतीच्या वाणाला नेलपेंट, लिपस्टिकचे डझन स्वस्तात मिळतात. गेल्या वर्षी वाटलेल्या नेलपेंटा निम्म्या वाळलेल्या निघाल्या, चारचौघींत मान खाली गेली. आणि टिकलीनं कपाळाला खाज सुटते, ते पण सांगा."
— घरी माग चालवणारी एक वाचक, वडगाव

इंग्रजी-कानडी वाचायला येत नाही म्हणून लाजू नका. इंग्रजी शिकलेल्या बायकाही ती अक्षरं वाचत नाहीत, कारण ती मुंगीएवढी असतात. मोबाइलवर फोटो काढा आणि बोटांनी मोठा करा. मग चित्रं शोधायची. तीन अक्षरांच्या मध्ये फुली दिसली, की तिच्यापुढची तारीख मुदत संपण्याची. डोंगराच्या दोन शिखरांसारखं अक्षर आधी असेल, तर ती माल तयार झाल्याची. कधी फुलीऐवजी दोन शब्द असतात, 'यूज बिफोर', त्यातलं पहिलं अक्षर उभ्या पेल्यासारखं. यात एक मेख आहे. 'यूज बिफोर' मार्च असेल तर मार्च उजाडायच्या आत संपवायचं, आणि 'एक्स्पायरी' मार्च असेल तर मार्चच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. शिवाय बऱ्याच डब्यांवर झाकण उघडलेल्या बरणीचं इवलंसं चित्र असतं आणि त्याच्या पोटात ६, १२ किंवा २४ आकडा. उघडल्यावर तेवढे महिने. हे चित्र कुठल्याच भाषेचं नाही, म्हणून मला ते फार आवडतं.

आपल्याकडं प्रसाधनं १९४० च्या औषधं आणि प्रसाधनांच्या कायद्याखाली येतात, आणि २०२० मध्ये त्यांचे वेगळे नियम झाले. मुदतीची तारीख, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक डबीवर लागतो. परदेशी माल असेल तर आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. अमेरिकेतून पाहुणे आणतात त्या डब्यांवर कधी तारीखच नसते. तिकडं साध्या प्रसाधनांवर ती छापायची सक्ती नाही. युरोपातही अडीच वर्षांच्या वर टिकणाऱ्या मालावर तारखेऐवजी ते बरणीचं चित्र चालतं. पण वाणाच्या डझनावर पत्ता नाही, परवाना नाही, वर नुसतं 'इम्पोर्टेड' म्हटलंय, तर हात लावू नका. तारखेवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली दिसली तर नखानं उचलून बघा. दुकानदार रागावला तर रागावू दे. आणि वाण आपलं फिरत असतं! तुम्ही दिलेली लिपस्टिक शेजारणीकडून जावेकडं, जावेकडून परत पुढच्या संक्रांतीला तुमच्याच ताटात. माझ्याकडं एकदा माझीच डबी तीन वर्षांनी परत आली होती. खालच्या चिठ्ठीवरून ओळखली. त्यापेक्षा गुळाची ढेप वाटा, नाहीतर फणी-आरसा वाटा.

वाळलेल्या नेलपेंटचं सोपं आहे. त्यातलं उडून जाणारं द्रावण उडालेलं असतं. रिमूव्हर ओतून पातळ करू नका, रंग फाटतो. बाटलीच्या तोंडावरचा रंग प्रत्येक वेळी पुसून झाकण घट्ट लावलं तर दोन वर्षं जाते. गॅसजवळ आणि देवघरातल्या समईजवळ ठेवू नका, ते द्रावण पेट घेतं.

टिकलीची खाज मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. टिकलीच्या मागच्या गोंदात काही वेळा असं रसायन असतं, ज्यानं कातडीचा रंगच जातो, टिकलीएवढा पांढरा डाग उरतो. खाज सुटतेय म्हणजे कपाळ तुम्हाला सांगतंय. टिकली बंद करा. डाग दिसत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडं जा, उशीर करू नका. आणि न्हाणीघराच्या आरशावर चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, त्या परत लावायची सवय सगळ्याच घरांत आहे, आमच्याही होती. त्या गोंदावर वाफ, साबण आणि धूळ बसलेली असते. जुन्या बायका आधी मेण लावून वर कुंकू टेकवायच्या. ते बरं होतं, पण आजचं पुडीतलं कुंकू हळद-चुन्याचंच असेल असं धरून चालू नका. भडक शेंदरी-लाल असेल तर जपून.

"आमचं घर कौलारू. जून ते सप्टेंबर सगळं बुरसतंय. कॉम्पॅक्टवर पांढरे ठिपके आलेत, घरी पाडलेल्या काजळावर पण. फ्रिजमध्ये ठेवू काय सगळं? लाइट तर दिवसातून चारदा जातीय."
— खानापूर तालुका

खानापूरचा पाऊस! माझं आजोळ त्याच बाजूचं. श्रावणात तिकडं चपला, पुस्तकं, पापड सगळ्यांना एकाच रंगाची लव येते, मग कॉम्पॅक्ट कसा सुटेल. ठिपके आलेला कॉम्पॅक्ट खरवडून वापरू नका. स्पंजाचा चकचकीत पापुद्रा वेगळा आणि बुरशी वेगळी. बुरशी वर दिसते तेवढीच नसते, तिचे धागे खाली गेलेले असतात. डबी आणि ब्रश दोन्ही टाका. आरसा काढून घ्या, तो चांगला असतो.

सगळं फ्रिजमध्ये नको. लाइट गेली की फ्रिजमधल्या वस्तूंना घाम येतो, आणि कोरड्या पावडरीला त्या घामासारखा वैरी नाही. कॉम्पॅक्ट, काजळ-पेन्सिल, लिपस्टिक, नेलपेंट बाहेरच. घरी काढलेला कोरफडीचा गर, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं गुलाबपाणी, भिजवलेलं उटणं, हे फ्रिजमध्ये, तेही तीन-चार दिवसच. फ्रीझरमध्ये तर कुठलंच क्रीम घालू नका. गोठून वितळलं की तेल-पाण्याची मोट सुटते ती परत बांधली जात नाही.

जागा कुठली? न्हाणीघर नाहीच. आपल्याकडं पाणी तापवायचा हंडा तिथंच, वाफ तिथंच, आणि आरसा तिथंच म्हणून सगळ्या डब्याही तिथंच. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीचं कपाटही नको. मधल्या खोलीतलं, चुलीच्या उबेपासून लांबचं, आतल्या भिंतीचं वरचं फडताळ बघा. त्यात घट्ट झाकणाचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, पोराबाळांच्या हाती लागणार नाहीत अशा. ब्रश आणि स्पंज धुतल्यावर पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ओला ब्रश डब्यात गेला की तुमची सगळी मेहनत पाण्यात. पंख्याखाली आडवा ठेवून खडखडीत वाळवा.

घरच्या काजळात एरंडेल आणि तूप, वाचवणारं काहीच नाही. थोडंच पाडा, आठवड्यात संपवा, डबीत बोट घालण्यापेक्षा स्वच्छ काडीनं काढा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात ते घालूच नका, आजीबाई कितीही म्हणाल्या तरी. दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तीट लावा, तेवढ्यावर त्यांची समजूत निघते.

"मी चोवीस वर्षांची. घरीच पार्लर चालवते, लग्नाच्या ऑर्डरी घेते. परवा एका नवरीनं सरळ विचारलं, 'हे सामान किती जणींना लावलंस?' मला रडू आलं. कोल्हापुरातून होलसेलनं आणते, कधी कधी मुदत चार महिन्यांवर आलेला माल गळ्यात मारतात. स्वच्छता कशी ठेवू? सामान महाग आहे."
— निपाणी

रडू नको. त्या नवरीनं विचारलं ते बरोबर विचारलं. पुढच्या वेळी तिच्यादेखतच सगळं कर, तीच तुझी जाहिरात.

स्टीलची एक पट्टी आणि एक चपटी चमची घे. फाउंडेशन, क्रीम, लिपस्टिक, सगळं चमचीनं पट्टीवर काढायचं आणि तिथून ब्रशनं लावायचं. पट्टीवर उरलेलं परत डबीत घालायचं नाही, हे मात्र देवाच्या शपथेसारखं पाळ. लिपस्टिक कुणाच्याही ओठाला सरळ लागता कामा नये. मस्काऱ्याच्या सुट्या कांड्या पुड्यानं मिळतात, एका डोळ्याला एक कांडी, आणि नळीत एकदाच बुडवायची. काजळ-पेन्सिलीला प्रत्येक बाईनंतर टोक काढ. पेन्सिल लवकर संपते, ठाऊक आहे. ती किंमत बिलात धर.

पट्टी, चमची आणि कॉम्पॅक्टचा वरचा थर यांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवार आणि आपोआप वाळू दे. मेडिकलच्या दुकानात विचार. ९९ टक्क्यांचं जास्त जोरदार असेल असं वाटेल, पण ते पटकन उडून जातं आणि जंतूंवर नीट काम करत नाही. ७० टक्क्यांच्यातलं पाणीच कामाचं. हात धुवायचं सॅनिटायझर जेल नको, त्यानं पावडर चिकटते. ब्रश प्रत्येक ऑर्डरनंतर शाम्पूनं धू.

होलसेलवाल्याबद्दल. तुझी ऑर्डर वर्षात कधी असते? तुळशीच्या लग्नानंतर सुरू, मार्गशीर्षापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंत जोर, मग आषाढात सगळं थंड. मग पावसाळ्याच्या तोंडाशी स्वस्त मिळतंय म्हणून माल भरलास तर तो चार महिने नुसता मुदत खात पडतो. दिवाळीनंतर भर. आणि चार महिन्यांवर आलेला माल घ्यायचाच असेल तर पावडरी घे, पातळ काही घेऊ नको.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी. ऑर्डरीला जाताना तुझं सामान कशात असतं? गाडीच्या डिकीत ना? एप्रिलच्या दुपारी, खाली इंजिन, वर ऊन. कारखान्यात आम्ही ज्या ४० अंशाला माल मुद्दाम जुना करायचो, त्याहून जास्त ताप तिथं फुकटात मिळतो. लिपस्टिक वाकते, सनस्क्रीन फुटतं. सनस्क्रीनमधलं पाणी आणि तेल वेगळं झालं की ऊन अडवणारा भाग एका जागी गोळा होतो, लावलं तरी चेहरा चट्ट्या-चट्ट्यांनी करपतो. स्प्रेचे डबे तर ५० अंशाच्या वर फुटायचा धोका, तसं त्यांच्यावर लिहिलेलंही असतं. पाण्याची बाटली गार ठेवायला मिळते ती जाड पिशवी घे आणि खांद्याला लाव.

"दर पंधरा दिवसांनी केस काळे करतो. एका पुडीत दोनदा होतं, म्हणून कालवलेलं उरलेलं वाटीत झाकून ठेवतो. दुसऱ्यांदा रंगच चढत नाही. कंपनी फसवते काय?"
— एक निवृत्त शिक्षक, कडोली

सर, कंपनीचा दोष नाही. रंग कालवला त्या क्षणी रसायनांचं काम सुरू होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात ते संपतं. केसांत संपलं काय आणि वाटीत संपलं काय. दुसऱ्यांदा तुम्ही केसांना नुसता चिखल लावताय. बाटलीत घट्ट झाकून ठेवत असाल तर ते आधी थांबवा, आत वायू साठून बाटली फुटते. कोरडी पुडी निम्मी वापरून उरलेली लगेच घट्ट बांधली तर चालेल, पण तिला ओल लागली की तिचंही काम आपोआप सुरू होतं. आणि इतकी वर्षं लावताय म्हणून निर्धास्त राहू नका. याची ॲलर्जी वीस वर्षांनीही उठते. कानामागं थोडं लावून ४८ तास बघायचं, ते प्रत्येक नव्या पुडीला.

मेहंदीचं निराळं. साधी कालवलेली मेहंदी फ्रीझरमध्ये महिनाभर राहते. मात्र जो कोन दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने बाहेर टिकतो आणि तासात काळा रंग देतो, तो मेहंदीचा नाही, एवढं घरच्या मुलींना सांगा.

"ऑनलाइन निम्म्या किमतीत व्हिटॅमिन सीचं सीरम घेतलं. आलं तेव्हा पिवळसर होतं, आता चहासारखं झालंय. मुदत २०२७ ची आहे."
— हॉस्टेलमधली विद्यार्थिनी, बेळगाव

टाक. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच हे, हवेनं बिघडतं. फिकट पिवळं चालतं, चहा झाला की त्यात कामाचं काही उरत नाही, उलट चेहरा चुरचुरतो आणि उशीचा अभ्रा डागाळतो. पुढच्या वेळी १५ मिलीची गडद बाटली घे आणि हॉस्टेलच्या खिडकीत ठेवू नको. रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए, त्यालाही हेच लागू.

"डिसेंबरात खोबरेल तेल थिजलं म्हणजे शुद्ध आणि नाही थिजलं म्हणजे भेसळ, असं सासूबाई म्हणतात. खरं काय? थिजलं की मी बाटली गच्चीवर उन्हात ठेवते."
— अनगोळ

खोबरेल साधारण २४ अंशाच्या खाली थिजतं, आणि बेळगावची थंडी त्याच्या कितीतरी खाली जाते. अजिबात थिजत नसेल तर शंका घ्या, पण थिजलं म्हणजे शुद्धच असंही नाही, दुसरी तेलंही थिजतात. सासूबाई निम्म्या बरोबर. निम्म्याचं त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बाटली उन्हात ठेवू नका, प्रकाशानं आणि वारंवारच्या तापण्यानं तेल खवट होतं. रुंद तोंडाच्या बरणीत भरा, लागेल तेवढं चमच्यानं वाटीत काढा आणि वाटी गरम पाण्यात ठेवा.

आता एक विनंती. चिकोडीच्या एका काकूंनी प्रश्न लिहिण्याऐवजी क्रीमची डबीच पोस्टानं पाठवली, "वास घेऊन सांगा" अशा चिठ्ठीसह. झाकण वाटेत सैल झालं होतं. पोस्टमननं पाकीट दोन बोटांत धरून आणलं आणि मला काही न विचारताच म्हणाला, "बाई, हे गेलंय." काकू, त्यांचं निदान बरोबर आहे. डबी मी टाकली आहे, परत येणार नाही. चिठ्ठीच्या मागं तुम्ही कारल्याच्या लोणच्याची कृती लिहून पाठवलीत, ती मात्र ठेवून घेतली आहे.